‘हे खरे नाही’ : दिव्यांग प्रमाणपत्रांचा एक प्रश्न आणि तीन अधिवेशने

पार्श्वभूमी

प्रकरण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचे आहे. जिल्हा, आमदार आणि संस्था यांची नावे दिलेली नाहीत. प्रलंबित अर्जांचे आकडेही गाळले आहेत, कारण ते विधानसभेच्या छापील उत्तरात आहेत आणि आकड्यावरून जिल्हा शोधून काढणे फारसे अवघड नाही.

या जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले. अभिनंदनाचे फलक लागले आणि महाविद्यालयाचे स्वतःचे रुग्णालय उभे राहीपर्यंत जिल्हा रुग्णालय त्याला संलग्न करण्यात आले. राज्यात अलीकडे अनेक ठिकाणी हेच घडले आहे. कागदावर ही छोटीशी बाब वाटते. प्रत्यक्षात इमारत, खाटा आणि बहुतेक विशेषज्ञ सार्वजनिक आरोग्य विभागाकडून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे गेले, जिल्हा शल्यचिकित्सकांचे कार्यालय मात्र आरोग्य विभागातच राहिले. दिव्यांग प्रमाणपत्राच्या पोर्टलचे लॉगिनही शल्यचिकित्सकांकडेच राहिले. म्हणजे तपासणारे डॉक्टर अधिष्ठात्यांचे (महाविद्यालयाच्या प्रमुखांचे), प्रमाणपत्र देणारा अधिकारी दुसऱ्या विभागाचा, आणि ज्यांच्यासाठी हे सगळे ते लोक तिसऱ्याच विभागाचे. महाराष्ट्रात २०२२ च्या अखेरीपासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त केंद्राच्या यूडीआयडी (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) पोर्टलवरूनच मिळते. २०१७ च्या नियमांप्रमाणे अर्ज आल्यापासून एका महिन्यात प्रमाणपत्र द्यायचे होते; २०२४ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन महिने झाली. आपले प्रकरण सुरू झाले तेव्हा एक महिन्याचीच मुदत लागू होती. २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले होते, तेही २१ प्रकार अस्तित्वात येण्याआधी.

अडचण

दर बुधवारी दिव्यांगत्व तपासणारे डॉक्टरांचे बोर्ड, म्हणजे दिव्यांग मंडळ, बसायचे. हस्तांतरणानंतरही बसत राहिले. हाडांचे आणि डोळ्यांचे अर्ज निकाली निघत होते. अडले ते बौद्धिक दिव्यांग मुलांचे आणि कर्णबधिरांचे.

बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवायला बुद्ध्यंक चाचणी लागते आणि ती करायला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ लागतो. पूर्वी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या कंत्राटी मानसशास्त्रज्ञ हे काम करत. त्या नोकरी सोडून गेल्या आणि जागा भरली गेली नाही. शीघ्र हस्तक्षेप केंद्रात एक मानसशास्त्रज्ञ होत्या, पण त्यांची परिषदेकडे नोंदणी नव्हती. ऐकू येण्याच्या तपासणीत बेरा चाचणी (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद यंत्राने मोजणारी) महत्त्वाची, विशेषतः लहान मुलांत, कारण ‘आवाज आला का’ या प्रश्नाचे उत्तर ती देऊ शकत नाहीत. ती चाचणीही थांबलेली होती. का थांबली, याचा उलगडा बराच उशिरा झाला.

एका संस्थेच्या विशेष शाळेतल्या शिक्षिका काही पालकांना घेऊन आमदारांच्या संपर्क कार्यालयात आल्या. बरोबर केसपेपरचा गठ्ठा. बहुतेक केसपेपरांच्या मागे निळ्या शाईत एकच ओळ लिहिलेली : ‘तज्ज्ञ उपलब्ध नाहीत, नंतर यावे.’ खाली तारीख नाही, सही नाही. काही पालकांकडे अशा ओळींचे तीन-चार केसपेपर होते. पोर्टलवर त्याच अर्जांची स्थिती ‘प्रलंबित’ होती, आणि दोन अर्ज तर ‘अर्जदार अनुपस्थित’ म्हणून नोंदलेले होते.

प्रमाणपत्र नाही म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे पैसे नाहीत (तेव्हा दरमहा १५०० रुपये), एसटीची सवलत नाही, परीक्षेत जादा वेळ नाही. एका आईने विचारले, “साहेब, पोरगा बोलत नाही हे मला दिसतंय, शाळेला दिसतंय. सरकारला कागद कुणी द्यायचा?”

कोणते पर्याय समोर होते

आमदार पहिल्यांदाच निवडून आलेले आणि सत्ताधारी बाजूचे. इथेच पहिला पेच होता. आपल्याच सरकारच्या मंत्र्यांना सभागृहात अडचणीत आणायचे, की पत्र देऊन काम करून घ्यायचे? कार्यालयातल्या अनुभवी स्वीय सहायकांचे मत पत्राच्या बाजूचे होते. पत्र दिले गेलेही. दोन विभागांना दोन. आरोग्य विभागाने कळवले की रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाने कळवले की प्रमाणपत्र देण्याचे काम शल्यचिकित्सकांचे आहे. दोन्ही उत्तरे बरोबर होती, आणि नेमकी तीच अडचण होती.

माहितीच्या अधिकारात अर्ज करता आला असता. २००५ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत माहिती मिळायला हवी, आणि आमदारांच्या नावाने न करता संस्थेने तो अर्ज करणेच योग्य होते. तो सुचलाच उशिरा. दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार हा दुसरा मार्ग. कायद्याप्रमाणे आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित प्राधिकरणाला तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते किंवा शिफारस न स्वीकारण्याची कारणे द्यावी लागतात. पालक यासाठी तयार नव्हते. सुनावणीसाठी पुण्याला कोण जाणार?

मग सभागृहातली साधने. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि पूरक प्रश्न विचारता येतात. पण प्रश्नोत्तराचा तास एकच असतो आणि त्या दिवसाच्या यादीतले वरचे काही प्रश्नच पुकारले जातात, बाकीच्यांचे छापील उत्तर तेवढे हाती येते. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते, गाजावाजा होत नाही, पण तक्ते मागता येतात. नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना ताज्या, तातडीच्या बाबीसाठी असते; मंत्र्यांचे निवेदन आधी छापून येते आणि त्यावर प्रश्न विचारता येतात. उत्तर असमाधानकारक असेल तर अर्धा तास चर्चा मागता येते. औचित्याचा मुद्दा (सभागृहात थोडक्यात मांडायचा तातडीचा विषय) मांडला की दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात बातमी येते. त्यापलीकडे त्यातून काही हाती लागेल याची खात्री नसते.

संस्थेला तारांकित प्रश्न हवा होता. आमदारांनाही. ‘प्रश्न लागला’ की मतदारसंघात सांगता येते, हे त्यामागचे एक कारण होते, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.

पहिली फेरी : पावसाळी अधिवेशन

मसुदा कार्यालयातच तयार झाला आणि नेहमीच्या साच्यात झाला :

(१) सदर जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयात दिव्यांग मंडळ गेल्या अनेक महिन्यांपासून बंद असल्यामुळे हजारो दिव्यांग प्रमाणपत्रांपासून वंचित आहेत, हे खरे आहे काय. (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी करून दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे. (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

प्रश्न सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांच्या नावे गेला, स्वीकारला गेला, यादीत आला. पुकारला गेला नाही. छापील उत्तर असे होते : (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

पालकांना हा उघड खोटेपणा वाटला. तो तसा नव्हता. ‘मंडळ बंद आहे’ असे प्रश्नात म्हटले होते आणि मंडळ दर बुधवारी बसत होते. ‘हजारो’ म्हटले होते आणि त्याला आधार नव्हता. पहिल्या भागाला ‘नाही’ म्हणण्याची सोय प्रश्नानेच करून दिली होती, आणि पहिला भाग पडला की या साच्यातले बाकीचे भाग आपोआप पडतात.

आमदारांचा प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयात विभागाकडे जातो, तिथून संबंधित कार्यासनाकडे (विभागातल्या शाखेकडे), पुढे आरोग्य सेवा आयुक्तालय, मग आरोग्य परिमंडळाचे उपसंचालक, आणि शेवटी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातल्या एका लिपिकाच्या टेबलावर. वर ‘अत्यंत तातडीचे, विधानसभा तारांकित प्रश्न’ असे लिहिलेले असते आणि उत्तर बहुधा त्याच दिवशी ईमेलने मागितलेले असते. म्हणजे ज्या कार्यालयाबद्दल तक्रार आहे त्याच कार्यालयाने उत्तराचा पहिला मसुदा लिहायचा असतो. त्यात प्रश्नात ‘दोषींवर कारवाई’ असेल तर तो मसुदा बचावाचाच होणार. कर्मचाऱ्यांचा स्वभाव बदलून यात फरक पडत नाही. प्रश्नाची रचना बदलावी लागते.

दोषी शोधण्याची भाषा इथे मुळातच चुकीच्या जागी होती. जागा रिक्त होती, तिथे दोषी कोण?

दोन अधिवेशनांच्या मधला काळ

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय याच काळात झाला. त्याची बातमी कुठेही आली नाही. आमदारांच्या कार्यालयातली एक तरुण सहायक त्या शिक्षिकांसोबत एका बुधवारी रुग्णालयात जाऊन बसली. सकाळी नावनोंदणीच्या रांगेपासून दुपारी बोर्ड उठेपर्यंत.

तिला तीन गोष्टी दिसल्या. बौद्धिक दिव्यांग मुलांना रांगेतच परत पाठवले जात होते, त्यामुळे बोर्डाच्या नोंदवहीत ती आलीच नव्हती; पोर्टलवर त्यांची ‘अनुपस्थित’ नोंद त्यातूनच होत होती. दुसरी, शल्यचिकित्सक कार्यालयातला डेटा एंट्री करणारा कर्मचारी आता दुसऱ्या इमारतीत बसत होता आणि कागद आठवड्यातून एकदा तिकडे जात होते. आणि तिसरी, बेरा यंत्र बिघडलेले नव्हते. ध्वनिरोधक खोलीत महाविद्यालयाचे नवे, प्लास्टिकसुद्धा न काढलेले बाक छतापर्यंत रचून ठेवले होते. यंत्राचे खोके त्यांच्यामागे होते.

कोणत्याही प्रश्नाच्या उत्तरात ही तिसरी गोष्ट आली नसती. ‘यंत्र कार्यरत आहे काय’ असे विचारले असते तर ‘होय’ असे खरे उत्तर मिळाले असते.

याच सुमारास एक मोह टाळला गेला. एका आईचा आग्रह होता की तिच्या मुलाचे नाव, फोटो, केसपेपर सगळे सभागृहात दाखवावे. आमदारांनाही ते प्रभावी वाटले. शिक्षिकांनी विरोध केला : कामकाजाची नोंद कायम राहते, मुलगा मोठा होईल. शेवटी अर्जांच्या तारखांचा, नावे नसलेला एक तक्ता तयार झाला, ज्यात फक्त अर्जाची तारीख, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि किती वेळा परत पाठवले एवढेच होते.

दुसरी फेरी : हिवाळी अधिवेशन, नागपूर

या वेळी अतारांकित प्रश्न गेला, एकच नाही तर दोन विभागांना वेगवेगळे. आरोग्य विभागाला विचारले : गेल्या वर्षभरात पोर्टलवर आलेले, निकाली निघालेले आणि एका महिन्याहून अधिक काळ प्रलंबित असलेले अर्ज, दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार, ‘अनुपस्थित’ म्हणून नोंदलेले अर्ज वेगळे दाखवावेत. वैद्यकीय शिक्षण विभागाला विचारले : मंडळासाठी लागणाऱ्या विशेषज्ञांची मंजूर व भरलेली पदे, हस्तांतरणाच्या आधी आणि नंतर, श्रवण तपासणी कक्ष शेवटचा कोणत्या तारखेला वापरात होता. ‘हे खरे आहे काय’ शक्य तितके टाळले. सह्यांमध्ये विरोधी बाजूचे दोन सदस्यही घेतले, म्हणजे प्रश्न एकाच पक्षाचा राहिला नाही आणि सत्ताधारी सदस्यावर येणारा ताणही वाटला गेला.

आरोग्य विभागाने उत्तर ‘हे अंशतः खरे आहे’ असेच सुरू केले, तशी मांडणी प्रश्नात नसतानाही. साचा दोन्ही बाजूंच्या हाताला बसलेला असतो. पण खाली तक्ता होता. त्यात बौद्धिक दिव्यांगत्वाच्या रकान्यात निकाली अर्ज शून्याच्या आसपास आणि ‘अनुपस्थित’ नोंदी इतर प्रकारांच्या कितीतरी पट. एवढी मुले नेमकी बुधवारीच गैरहजर कशी राहतात, हे विचारायला आता सरकारचाच कागद हाती होता. वैद्यकीय शिक्षण विभागाचे उत्तर ‘माहिती घेण्यात येत आहे’ एवढेच आले.

मधल्या काळात खोली रिकामी झाली होती. प्रश्नातली तारीख विचारणारी ओळ अधिष्ठाता कार्यालयात पोहोचल्यावर काही दिवसांतच बाक हलले, असे कर्मचाऱ्यांनी सांगितले. उत्तर मिळण्याआधीच प्रश्नाचा परिणाम झाला, असे बऱ्याचदा होते, आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही.

तिसरी फेरी : लक्षवेधी

अर्थसंकल्पीय अधिवेशनात लक्षवेधी लागली. सूचना दिव्यांग कल्याण विभागाच्या नावे द्यावी की आरोग्याच्या, यावर बराच खल झाला. दिव्यांग कल्याण विभागाकडे आस्था आहे, पण रुग्णालयातली पदे त्यांच्या हातात नाहीत. ते फक्त ‘संबंधित विभागास कळवू’ म्हणू शकतात. आरोग्य विभागाकडे दिली आणि उत्तराच्या वेळी वैद्यकीय शिक्षण विभागाचे अधिकारीही गॅलरीत हजर राहतील असे पाहावे, अशी विनंती लेखी केली. ती मान्य झाली.

चर्चा सरळ चालली नाही. त्या काळात बोगस दिव्यांग प्रमाणपत्रांच्या बातम्यांनी वातावरण तापलेले होते. दुसऱ्याच सदस्याने उठून बोगस प्रमाणपत्रधारकांची फेरतपासणी कधी करणार असे विचारले आणि सात-आठ मिनिटे तिकडे गेली. प्रमाणपत्र मिळत नाही म्हणून आलेली सूचना प्रमाणपत्र सहज कसे मिळते या वादात अडकली. आमदारांनी तक्ता वाचून चर्चा परत आणली.

मंत्र्यांनी आधी ‘पोर्टल केंद्र सरकारचे आहे’ असे सांगितले. खरे आहे, पण रुग्णालये आणि दिव्यांगांना साहाय्य हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत, आणि तपासणीची खोली पोर्टलवर नसते. मग त्यांनी ‘सदस्यांसोबत बैठक लावतो’ असे म्हटले. अशा वेळी बहुतेक सदस्य आभार मानून खाली बसतात. आमदार बसले नाहीत. “बैठकीला येतोच, पण मानसशास्त्रज्ञ कधीपर्यंत येणार हे सभागृहात सांगावे,” एवढे एकच वाक्य त्यांनी दोनदा विचारले. गॅलरीतून चिठ्ठी आली. प्रादेशिक मनोरुग्णालयातून महिन्यातले दोन दिवस चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ पाठवू आणि पदाबाबत तीन महिन्यांत निर्णय घेऊ, असे मंत्री म्हणाले. राज्यात अशी मनोरुग्णालये चारच, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे; तिथल्या मनुष्यबळावरही ताण असतोच.

हा हट्ट का महत्त्वाचा? बैठकीच्या इतिवृत्ताचा पाठपुरावा आमदारांनी करायचा असतो. सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते, आणि विभागाच्या सचिवांना तिच्यापुढे उत्तर द्यावे लागते.

काय निष्पन्न झाले

महिन्यातून दोन दिवस मानसशास्त्रज्ञ येऊ लागल्या. सुरुवातीच्या दोन्ही दिवशी रांग आवाराबाहेर गेली. जुने ‘अनुपस्थित’ अर्ज पुन्हा उघडून घ्यावे लागले. काही पालकांना नव्याने अर्ज करावा लागला आणि त्यांची जुनी तारीख गेली ती गेलीच. बेरा तपासणी सुरू झाली.

मंजूर पदाचा प्रश्न सुटला नाही. पद कोणत्या विभागाच्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) दाखवायचे, यावर दोन विभागांचा पत्रव्यवहार सुरू राहिला. तीन महिन्यांची मुदत उलटली, विभागाने मुदतवाढ मागितली.

शेजारच्या एका मतदारसंघाच्या आमदारांनी हाच मसुदा घेऊन आपल्या जिल्ह्यासाठी प्रश्न दिला. तिथे महाविद्यालय नव्हते आणि अडचण निराळी होती, त्यामुळे तक्त्यातून काही विशेष निघाले नाही.

वेगळे काय करता आले असते

रुग्णालयातला तो बुधवार पहिल्या प्रश्नाच्या आधी व्हायला हवा होता. एक अधिवेशन वाचले असते, आणि मुलांच्या हिशेबात ते एक शैक्षणिक वर्षही असू शकते. ‘मंडळ बंद’ हा शब्दप्रयोग पालकांच्या तोंडी योग्यच होता, त्यांच्यासाठी मंडळ बंदच होते; पण तो तसाच प्रश्नात उतरवण्याआधी कुणी तरी तपासायला हवा होता.

संस्थेने माहितीच्या अधिकारात पदांची माहिती आधी मिळवली असती तर अतारांकित प्रश्नाची जागा अधिक अवघड गोष्टीसाठी वापरता आली असती : हस्तांतरणाच्या वेळी प्रमाणपत्राच्या कामाची जबाबदारी कोणावर, हे आदेशात लिहिले होते का? हा प्रश्न तिन्ही फेऱ्यांत कुणीच विचारला नाही, आणि माझ्या दृष्टीने मूळ तोच आहे. एकाच जिल्ह्याऐवजी हस्तांतरण झालेल्या सर्व जिल्ह्यांसाठी तो विचारता आला असता. त्यात धोकाही आहे. राज्यभराची माहिती मागितली की उत्तर ‘संकलित करण्यात येत आहे’वर अडते आणि स्वतःच्या जिल्ह्याचे कामही लांबते. एका अधिवेशनात एका जिल्ह्याचा तक्ता आणि पुढच्यात राज्याचा, असा क्रम बहुधा बरा पडला असता.

अर्थसंकल्पीय अधिवेशन असूनही विभागांच्या खर्चाच्या मागण्यांवरच्या चर्चेत कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करावी असे म्हणून विषय चर्चेला आणण्याची सूचना) दिली गेली नाही. पद निर्माण करायचे तर पैसा लागतो, आणि पैशाची चर्चा त्याच वेळी चालू होती. लक्षवेधीच्या तयारीत सगळे कार्यालय गुंतल्याने ते राहून गेले.

सत्ताधारी सदस्याने हे करावे का, यावर मतभेद राहतील. या प्रकरणात मंत्र्यांच्या कार्यालयाला सूचनेचा मजकूर आणि तक्ता आदल्या दिवशी दिला होता. काही जण याला मिलीभगत म्हणतील. मला तो शहाणपणा वाटतो, कारण चिठ्ठीवर लिहायला गॅलरीतल्या अधिकाऱ्यांकडे काहीतरी तयार होते. विरोधी सदस्याला ही सोय कमी मिळते. त्याच्या हाती मग अर्धा तास चर्चा उरते. पुढच्या अधिवेशनासाठी त्याच दोन विरोधी सदस्यांनी वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अपुऱ्या उत्तरावर तिची सूचना दिली आहे. विषय एकच ठेवला आहे : आकृतिबंधात हे पद कुणाचे.